दादाच्या किडनी ट्रान्सप्लांटला तेरा वर्षं झाली, आणि आता हिपॅटायटिस सी निघालाय. अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा

सायली_मिरज | ९ जून, रात्री ११:१०

नमस्कार. आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझ्या मोठ्या भावाचं, वय ४६, किडनी ट्रान्सप्लांट २०११ मध्ये झालं. आईने किडनी दिली. त्याआधी पावणेदोन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. ट्रान्सप्लांटनंतर गाडी रुळावर आली. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा) १.३ ते १.५. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडं स्टेरॉइड चालू. तीन महिन्यांतून एकदा पुण्याला दाखवून येतो. दुकान बघतो, द्राक्षाच्या दिवसांत पहाटे पाचला बागेत असतो. आम्ही सगळे म्हणायचो, आईची किडनी आहे, ती दगा देणार नाही.

तिने दिलाही नाही. मार्चमध्ये दाढ काढायची होती म्हणून रक्त तपासलं, तर प्लेटलेट ८८ हजार. दंतवैद्यांनी हात लावला नाही. मग सोनोग्राफी केली. यकृत खरबरीत आणि प्लीहा वाढलेली, १४.८ सेंमी. हिपॅटायटिस सी ची अँटिबॉडी पॉझिटिव्ह, पीसीआरमध्ये व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, २१ लाख, जीनोटाइप (विषाणूचा उपप्रकार) ३. यकृत किती कडक झालंय ते मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनचा आकडा १७.६ आला. डॉक्टरांनी 'सिऱ्हॉसिस' (यकृतात व्रण साचून ते कडक होणं) हा शब्द उच्चारला आणि दादा खिडकीबाहेर बघत राहिला.

मला कळत नाही ते हे, की तेरा वर्षांत त्याचं एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारा रक्तातला आकडा) एकदाही वाढलं नाही. ट्रान्सप्लांटच्या आधीची, डिसेंबर २०१० ची फाइल काढली. त्यात एचसीव्ही, म्हणजे सी चा विषाणू, यासमोर स्पष्ट 'नॉन-रिॲक्टिव्ह' लिहिलंय. मग हे शिरलं कधी? औषधाने किडनी जाईल का? आमच्या एका नातेवाइकांना पूर्वी सी साठी इंजेक्शनं दिली होती, त्यांचे हाल आईने पाहिलेत. ती म्हणते, "माझी किडनी गेली तरी चालेल, पण पोराला ती इंजेक्शनं नकोत." असं म्हणते आणि रडते.

---

रानवारा | ९ जून, रात्री ११:३४

सायली, इथे माहितगार आहेत, उत्तरं मिळतील. आईंना सांगा, आता इंजेक्शनं नाहीत, गोळ्या आहेत. माझ्या मामांना दिल्या होत्या.

---

यकृतवैद्य | १० जून, सकाळी ७:०५

मी यकृतविकारांचा डॉक्टर आहे. रिपोर्ट न बघता उपचार सांगणार नाही, पण जे छळतंय त्याबद्दल लिहितो.

२०१० चा तो रिपोर्ट आणि आजचा रिपोर्ट, दोन्ही खरे असू शकतात. 'नॉन-रिॲक्टिव्ह' म्हणजे रक्तात सी विरुद्धची अँटिबॉडी सापडली नाही. विषाणू नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. अँटिबॉडी शरीर स्वतः बनवतं. लागण झाल्यावर ती दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात. डायलिसिसवरच्या माणसाची प्रतिकारशक्ती आधीच मंद असते, त्यामुळे काहींमध्ये ती आणखी उशिरा दिसते, काहींमध्ये दिसतच नाही. ट्रान्सप्लांटनंतर तर प्रतिकारशक्ती आपणच दाबून ठेवतो. विषाणू थेट शोधते ती आरएनए पीसीआर. किडनीच्या पेशंटमध्ये तीच निर्णायक.

आता एसजीपीटी. डायलिसिसच्या पेशंटमध्ये हा आकडा मुळातच कमी असतो. इतरांमध्ये ६० दिसेल तिथे यांच्यात २५ दिसतो, आणि '४० च्या आत' म्हणून सगळे निर्धास्त होतात. ट्रान्सप्लांटनंतरही नॉर्मल एसजीपीटीच्या आड फायब्रोसिस (यकृतात व्रण साचत जाणं) वाढत गेलेला मी अनेकदा पाहिलाय. यकृताला वेदना कळवणाऱ्या नसा फार थोड्या, त्यामुळे तेही बोलत नाही. तुमच्या दादाच्या बाबतीत बोलल्या त्या प्लेटलेट. प्लीहा फुगली की प्लेटलेट तिच्यात अडकतात आणि रक्तातला आकडा उतरतो. त्या दंतवैद्यांनी दाढ काढली नाही, हे फार चांगलं केलं.

विषाणू दाबलेल्या प्रतिकारशक्तीत जोमाने वाढतो, म्हणून ट्रान्सप्लांट झालेल्यांमध्ये यकृत लवकर खराब होऊ शकतं. शिवाय सी किडनीलाही सोडत नाही. लघवीतून प्रथिनं जाणं, नव्या किडनीच्या गाळण्यांना सूज येणं, ट्रान्सप्लांटनंतर नव्याने मधुमेह होणं, या सगळ्यांशी त्याचं नातं आहे. म्हणजे उपचार केल्याने किडनी धोक्यात येईल ही भीती उलटी आहे. न केल्याने ती धोक्यात राहील.

दादांना मधुमेह आहे का? लघवीतली प्रथिनं तपासली का? हिपॅटायटिस बी ची तपासणी, सरफेस अँटिजन आणि कोअर अँटिबॉडी दोन्ही, झाली का? सी च्या गोळ्या सुरू केल्यावर अंगात दडून बसलेला बी उसळू शकतो, म्हणून ती आधी लागते.

---

शिरीष_नाशिक | १० जून, दुपारी १:४८

सायलीताई, तुमच्या आईंनी पाहिलेली इंजेक्शनं मी घेतली आहेत. म्हणून मोबाइलवर सावकाश टाइप करतोय.

मी २००४ पासून डायलिसिसवर. २००५ मध्ये सी निघाला. तेव्हा मुख्य औषध एकच होतं, इंटरफेरॉन. आठवड्याला एक इंजेक्शन, दर गुरुवारी संध्याकाळी. रात्री दहाला हुडहुडी भरायची, तीन गोधड्यांखाली दात वाजायचे, ताप १०२ च्या पुढे. शुक्रवार वाया. शनिवारी डायलिसिस. त्याबरोबर रिबाव्हायरिनची छोटी मात्रा होती, पण किडनी नसल्याने ते शरीरात साठायचं आणि रक्तपेशी फुटायच्या. हिमोग्लोबिन ५.८ वर आलं. चौथ्या महिन्यात मीच डॉक्टरांपुढे हात जोडले. बंद केलं. विषाणू होता तिथेच राहिला.

२००७ मध्ये बायकोने किडनी दिली. विषाणूसकट ट्रान्सप्लांट झालं. त्यानंतर सी वर काहीच करता येईना, कारण इंटरफेरॉन प्रतिकारशक्तीला चेतवतं आणि तीच चेतवलेली शक्ती नव्या किडनीवर तुटून पडते. डॉक्टर सरळ म्हणाले, "यकृत वाचवायला जाऊ आणि किडनी घालवून बसू." नऊ वर्षं मी दर सहा महिन्यांनी रिपोर्ट बघत बसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मग सी वरची गोळी आली, सोफोसबुविर. अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये, बारा आठवड्यांचे ८४ हजार डॉलर. पेपरात वाचून मी घडी घालून ठेवून दिला. २०१५ मध्ये भारतीय कंपन्यांचं आलं आणि महिन्याची बाटली वीसेक हजारांत मिळू लागली. २०१६ मध्ये मी सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर २४ आठवडे घेतलं. ताप नाही, हुडहुडी नाही. पहिले काही दिवस डोकं दुखलं, एवढंच. औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी पीसीआर केली. विषाणू सापडला नाही. त्या दिवशी बायको आणि मी पंचवटीत जाऊन आलो.

पण ताई, पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. माझ्या यकृतात सिऱ्हॉसिस आधीच झाला होता. विषाणू गेला तरी तो गेला नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (यकृताच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) चुकवायची नाही. २०२१ मध्ये, सी बरा होऊन पाच वर्षं झाल्यावर, दोन सेंटिमीटरची गाठ दिसली. कॅन्सर. लहान असताना सापडली म्हणून सुई घालून जाळता आली. 'आता बरा झालो' म्हणून सोनोग्राफी सोडली असती तर आज हे लिहायला नसतो.

---

सायली_मिरज | १० जून, रात्री ९:२०

शिरीषकाका, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. गोळ्यांच्या भागापाशी तिने परत वाचायला लावलं.

डॉक्टर, मधुमेह आहे, २०१४ पासून. आम्ही स्टेरॉइडला दोष देत होतो. लघवीत प्रथिनं थोडी आहेत. बी निगेटिव्ह, कोअर अँटिबॉडीसुद्धा. मन मात्र पुन्हा पुन्हा डायलिसिसच्या दिवसांकडे जातं. तिथेच लागलं असेल का?

---

गाळणी | ११ जून, सकाळी ६:१५

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, अठरा वर्षं झाली. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण जे लिहितोय ते एका सेंटरचं नाही.

लोक विचारतात, सी वाल्याची मशीन वेगळी आहे का? असते. पण माझं स्पष्ट मत आहे, त्या प्रश्नामागे खरा प्रश्न लपतो. विषाणू मशीनच्या आतून क्वचित जातो. तो जातो आमच्या हातांवरून. एका पेशंटची सुई काढली, फिस्टुलावर (डायलिसिसची सुई टोचतात त्या हातातल्या शिरेवर) बोळा दाबला, तेवढ्यात शेजारचा अलार्म वाजला, त्याच ग्लोव्ह्जने बटण दाबलं. किंवा रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हेपॅरिनची एकच बाटली चौघांना वापरली आणि तिच्यात वापरलेली सिरिंज परत बुडाली. तीन शिफ्ट, दोन माणसं, बारा खाटा, आणि पुढचा पेशंट दारात उभा, अशा वेळी खुर्ची-खाट पुसायला कुणी थांबत नाही. डायलायझर (रक्त गाळणारे फिल्टर) धुऊन पुन्हा वापरायचे असतील तर तिथेही नीट वेगळेपणा हवा.

दुसरी वाट रक्ताची. २०१० च्या सुमारास रक्त वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं अनेकांना परवडत नव्हती. हिमोग्लोबिन सहावर आलं की रक्ताची बाटली लावायची. रक्तपेढ्यांत सी ची तपासणी २००१ पासून सक्तीची आहे, पण बहुतेक ठिकाणी ती अँटिबॉडीची. नुकतीच लागण झालेला दाता त्यातून निसटू शकतो.

मी सुरुवातीच्या वर्षांत यातल्या चुका केल्या आहेत. त्यातली कुठली कुणाला भोवली हे मला कधीच कळणार नाही, आणि ते मनावर आहे. आता नवीन मुलांना शिकवताना पहिले पंधरा दिवस मी त्यांना मशीन शिकवत नाही. हात धुवायला शिकवतो.

---

सायली_मिरज | ११ जून, सकाळी ८:०२

दादाला सहा बाटल्या रक्त दिलं होतं. मीच दोनदा रक्तपेढीतून आणलं. थर्मासच्या डब्यात बर्फ घालून, एसटीने, मांडीवर घेऊन.

तुम्ही चुका मान्य केल्यात, त्याबद्दल तुमचे आभार. मला वाटलं होतं राग येईल. आला नाही.

---

यकृतवैद्य | ११ जून, सकाळी ८:४०

गाळणी यांचं बरोबर आहे. बी साठी वेगळी मशीन आणि वेगळी जागा हवीच. सी च्या बाबतीत मात्र केडिगो या किडनीविकारांवरच्या संस्थेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं मशीन वेगळी करण्यावर भिस्त ठेवू नका असंच सांगतात. भर आहे तो हातांची स्वच्छता, ग्लोव्ह्ज आणि इंजेक्शनची औषधं हाताळण्यावर. डायलिसिस चालू असलेल्या प्रत्येकाची सी साठी दर सहा महिन्यांनी तपासणी व्हावी, असंही त्यात आहे.

---

निसर्गमित्र | ११ जून, दुपारी ४:३०

ताई, ॲलोपॅथीच्या मागे लागण्याआधी गुळवेल आणि भुईआवळा सुरू करा. यकृतासाठी भुईआवळ्यासारखं काही नाही, आणि गुळवेलीने प्रतिकारशक्ती वाढते. आमच्या ओळखीत अनेकांना गुण आलाय.

---

यकृतवैद्य | ११ जून, सायंकाळी ६:१२

निसर्गमित्र, तुम्ही मनापासून सुचवताय हे कळतंय, पण या पेशंटसाठी हा सल्ला धोक्याचा आहे आणि कुणी वाचून तसं करू नये म्हणून मी ठामपणे लिहितोय.

आईची किडनी दादाच्या शरीराने परकी समजू नये यासाठी तेरा वर्षं त्याची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी खाली धरून ठेवली आहे. ती 'वाढवणं' म्हणजे किडनीवर हल्ला बोलावणं. गुळवेलीबद्दल आणखी एक. कोविडच्या काळात लोकांनी ती भरपूर घेतली, आणि त्यानंतर यकृताला इजा झालेल्या मुंबईतल्या सहा पेशंटची नोंद तिथल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. शिवाय टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण काढे, चूर्ण, अगदी ग्रेपफ्रूटच्या रसानेही बदलतं. ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाने झाडपाल्याचं काहीही नेफ्रॉलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरांना) विचारल्याशिवाय घेऊ नये. अंगदुखीची डायक्लोफिनॅकसारखी गोळीसुद्धा नको. ती किडनीलाही मारते आणि सिऱ्हॉसिस असेल तर जास्तच.

---

केतकी_ठाणे | १२ जून, रात्री १०:५५

माझ्या मिस्टरांचं ट्रान्सप्लांट २०१८ चं, सी तेव्हापासून माहीत. गोळ्यांनी गेला. पण त्या आधीच्या वर्षभरात घरात जे झालं ते कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते. सासूबाईंनी त्यांचं ताट-वाटी वेगळं केलं. पुतण्याला त्यांच्या मांडीवरून उचलून नेलं जायचं. हे एक शब्द बोलले नाहीत, फक्त पंगतीला बसायचं बंद केलं. डॉक्टरांनी शेवटी सासूबाईंना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की सी रक्तातून रक्तात जातो. ताट, पेला, मिठी, पापा, शिंक, यांतून नाही. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, नेलकटर आणि टूथब्रश. सासूबाई घरी आल्या आणि काही न बोलता सगळी ताटं एकत्र घासायला टाकली.

सायली, तुमच्या दादांचं ताट वेगळं झालं असेल तर आजच आत घ्या.

---

सायली_मिरज | १२ जून, रात्री ११:२०

झालं होतं. त्याने स्वतःच केलं होतं. आत्ता उठवून सांगितलं.

---

अनघा_फिलाडेल्फिया | १४ जून, पहाटे ५:४०

मी इथे ट्रान्सप्लांट विभागात काम करते. एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. इथल्या पेन (पेनसिल्व्हेनिया) विद्यापीठात सी असलेल्या मृत दात्यांच्या किडन्या, पूर्वी ज्या टाकून दिल्या जायच्या, त्या सी नसलेल्या दहा जणांना त्यांच्या संमतीने बसवल्या आणि नंतर गोळ्या दिल्या. दहाही जणांचा विषाणू गेला. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. युरोपात ट्रान्सप्लांट झालेल्या ११४ जणांना सोफोसबुविर आणि लेडिपासविर दिलं होतं, जीनोटाइप १ आणि ४ चे. त्यातही सगळ्यांचा विषाणू गेला. दादांचा जीनोटाइप ३ आहे, त्यावर लेडिपासविर पुरेसं पडत नाही, वेलपाटासविर किंवा डॅक्लाटासविर लागतं. पण ट्रान्सप्लांट झालेल्या शरीराला ही औषधं झेपतात, एवढं आईंना नक्की सांगा.

---

सायली_मिरज | ३ जुलै, रात्री ९:००

काल गोळ्या सुरू झाल्या. सोफोसबुविर आणि वेलपाटासविर एकाच गोळीत, दिवसाला एक, बारा आठवडे. पोटात पाणी नाही, कावीळ नाही, म्हणून रिबाव्हायरिन लागणार नाही म्हणाले. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून औषध मोफत मिळालं. २०१८ पासून हे चालू आहे आणि आम्हाला पत्ताच नव्हता. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नाव नोंदवलं, २८ गोळ्यांची बाटली मिळते. रिकामी बाटली दाखवून पुढची.

दोन गोष्टी नव्याने कळल्या. पहिली, दादा गेली तेरा वर्षं सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घेत होता. ॲसिड कमी झालं की वेलपाटासविर नीट शोषलं जात नाही, म्हणून ती गोळी थांबवली. हे यकृताच्या डॉक्टरांनी विचारलं म्हणून निघालं. आम्ही 'ती साधी ॲसिडिटीची' म्हणून यादीत लिहिलीच नव्हती. दुसरी, एंडोस्कोपीत अन्ननलिकेत छोट्या फुगलेल्या शिरा दिसल्या. बांधायची गरज नाही, त्यांतला दाब कमी करायला कार्वेडिलोल सुरू केलंय.

---

सायली_मिरज | ११ ऑगस्ट, दुपारी ३:१५

घाबरून लिहितेय. चौथ्या आठवड्यात व्हायरल लोड मोजता येणार नाही इतका खाली गेला. खूप आनंद झाला. पण टॅक्रोलिमसची पातळी ६.२ वरून ३.८ वर आलीय आणि क्रिएटिनिन १.७. एकही गोळी चुकलेली नाही. मीच डबीत भरते.

---

यकृतवैद्य | ११ ऑगस्ट, दुपारी ३:४०

आजच, संध्याकाळची वाट न बघता, नेफ्रॉलॉजिस्टना फोन करा आणि दोन्ही आकडे सांगा.

घडलं असावं ते असं. टॅक्रोलिमस यकृतात तोडलं जातं. विषाणूने यकृत दमलेलं होतं, तेव्हा औषध सावकाश तुटायचं आणि तेवढ्याच गोळीत पातळी पुरायची. विषाणू गेला, यकृत पुन्हा जोमाने काम करायला लागलं, तीच गोळी आता अपुरी पडतेय. हे अपेक्षित असतं, म्हणून उपचाराच्या काळात आणि नंतर काही महिने पातळी वरचेवर तपासावी लागते. मात्रा ते ठरवतील, तुम्ही घरी वाढवू नका.

---

सायली_मिरज | २० ऑगस्ट, रात्री ८:३०

मात्रा वाढवली. पातळी ५.९, क्रिएटिनिन १.४. नेफ्रॉलॉजिस्ट पुण्यात आणि यकृताचे डॉक्टर इथे, दोघांची कधी भेट नाही. आता एक दोनशे पानी वही केलीय. डाव्या पानावर किडनीचे आकडे, उजव्या पानावर यकृताचे. दोघेही तीच वही बघतात आणि तीत एकमेकांसाठी लिहितात.

---

सायली_मिरज | २१ डिसेंबर, सकाळी १०:०५

गोळ्या २३ सप्टेंबरला संपल्या होत्या. बारा आठवडे थांबून पीसीआर केली. 'टार्गेट नॉट डिटेक्टेड.' इन्सुलिनची मात्राही थोडी उतरलीय. फायब्रोस्कॅन १४.१. प्लेटलेट ९६ हजार.

अँटिबॉडी आयुष्यभर पॉझिटिव्हच दिसणार आहे, त्यामुळे कुठल्याही दवाखान्यात जाताना पीसीआरचा रिपोर्ट सोबत ठेवायला सांगितलंय. पुढची सोनोग्राफी आणि एएफपी जूनमध्ये. शिरीषकाका, तारीख वहीच्या मुखपृष्ठावर लिहिली आहे, तुमच्यामुळे.

---

शिरीष_नाशिक | २१ डिसेंबर, सकाळी ११:३०

पंचवटीत तुमच्या दादाच्या नावाने दिवा लावतो. आईंना माझा नमस्कार.

---

प्रसाद_लातूर | ९ जानेवारी, रात्री १०:१८

सगळा धागा आत्ता वाचला. माझ्या वडिलांचं ट्रान्सप्लांट पुढच्या महिन्यात ठरलंय, दाती माझी आई. डायलिसिस चौदा महिने. अँटिबॉडी निगेटिव्ह आली म्हणून सेंटरवाले म्हणतात पीसीआर कशाला, उगाच खर्च. काय करू?

---

सायली_मिरज | ९ जानेवारी, रात्री १०:३१

करून घ्या. उद्याच. अँटिबॉडीचा रिपोर्ट आणि वडिलांना आतापर्यंत किती रक्त दिलं त्याची यादी घेऊन नेफ्रॉलॉजिस्टना थेट भेटा आणि आरएनए पीसीआर लिहून मागा. निघालाच सी, तर गोळ्या आधी द्यायच्या की ट्रान्सप्लांटनंतर, हे ते आणि यकृताचे डॉक्टर मिळून ठरवतील. दोन्ही होऊ शकतं. त्याआधी फायब्रोस्कॅन करायला सांगितलं तर डायलिसिस झाल्यावर करा. अंगात पाणी असेल तर आकडा जास्त येतो, असं आम्हाला सांगितलं होतं.

रिपोर्ट आला की इथे लिहा. मी वाट बघते.